पोतंभर फक्की, अठरा चेंडू : सोलापुरातल्या फुटबॉल संमेलनाचे तीन दिवस

शुक्रवार

जानेवारीत सोलापूरला जायचं असेल तर खोली आधी धरून ठेवा. गड्डा यात्रेची मुख्य गर्दी संक्रांतीला होते, पण होम मैदानावरचे पाळणे आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगा पुढंही बरेच दिवस हलत नाहीत. तोवर स्टेशनपासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंतच्या लॉजमध्ये जागा मिळणं अवघड. मुंबईकरांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी आणून सोडते, पुणेकरांना संध्याकाळची हुतात्मा बरी. पहाटे स्वेटर लागतो, दहाला तो कमरेला बांधावा लागतो आणि बाराला टोपी शोधावी लागते. सकाळी पंधरा-सोळा अंश, दुपारी तिशीच्या पुढं. दिवसभर मैदानावर उभं राहायचं असेल तर याच हिशेबानं पिशवी भरावी.

संमेलन तसं घरगुती होतं. अकलूज, बार्शी, सांगली, लातूर, शिवाय हद्दीपलीकडचं कलबुर्गी आणि विजापूर इथून आलेले शाळा-क्लबांचे प्रशिक्षक. शिकवायला भारताकडून खेळलेले दोन माजी खेळाडू, गोव्याचे एक जुने प्रशिक्षक, गोलरक्षकांना घडवणाऱ्या एक बाई आणि एक फिजिओ. पाहुण्यांची नावं इथं मुद्दाम नाहीत. पहिल्याच तासाला ठरलं होतं की मोबाइल खिशात राहील आणि इथलं बोलणं नावानिशी बाहेर जाणार नाही. त्याचा फायदाच झाला. कॅमेरा दिसला की मोठा खेळाडू भाषण करतो; कॅमेरा नसला की स्वतःच्या चुका सांगतो.

सोलापूर काही फुटबॉलचं गाव नव्हे. त्याला कोल्हापूर. तिथं तालमींचे संघ, पेठांची ईर्ष्या आणि शाहू स्टेडियम. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही तिथलाच. इथं मैदान म्हटलं की आधी क्रिकेटचं पिच दिसतं. आयोजकांनी नेमकं तेच हेरलं होतं. पाहुण्यांना अट अशी घातली होती : गवत नाही, चेंडू मोजके, आणि एका मास्तराकडं चाळीस मुलं, यात जे चालेल तेवढंच दाखवायचं.

पत्रिकेत नसलेला पहिला धडा सामानाच्या खोलीबाहेर झाला. अठरा चेंडूंत हवा भरायचं काम चालू होतं आणि दोघं तरुण दगडासारखे टणक होईपर्यंत पंप मारत होते. कलबुर्गीचे एक वयस्कर मास्तर आले, एक चेंडू दोन अंगठ्यांनी दाबला आणि म्हणाले, “हे दुपारी डोक्यापर्यंत उडतील.” नियमात चेंडूचा दाब ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय एवढा मोकळा ठेवलेला आहे. गवतावर वरचा आकडा चालतो. मुरमाच्या कडक मैदानावर खालच्या टोकाला, नऊच्या आसपास राहावं, नाहीतर पहिला टच, म्हणजे आलेला चेंडू पायाशी घेणं, शिकवताच येत नाही. मूल चेंडूच्या मागं पळत राहतं. त्यात सकाळच्या सोळा अंशांत भरलेला नऊ पीएसआयचा चेंडू उन्हात चाळीस अंशांपर्यंत तापला की आतला दाब अकराच्या घरात जातो. म्हणून मोजायचं ते खेळायच्या आधी, सकाळी भरून झालं म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि सुई घालण्याआधी ती ओली करायची, ग्लिसरीनचा थेंब असला तर उत्तम. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि मग ‘चेंडू हलका निघाला’ म्हणून दुकानदाराला शिव्या.

दुसरं काम फक्कीचं. मैदान आखायला दगडाची पांढरी पूड आणा, कळीचा चुना चुकूनही नको. घामावर आणि डोळ्यात गेला तर भाजतो. डालड्याच्या जुन्या डब्याला बुडाशी खिळ्यानं भोकं पाडली की आखणीचं यंत्र तयार. कोपरा काटकोनात आलाय का हे नजरेनं ठरवू नका. बारा मीटरची दोरी घ्या, तीन आणि सात मीटरवर गाठी मारा आणि टोकं जुळवून तीन-चार-पाचचा त्रिकोण ताणा. तिनाची आणि चाराची बाजू जिथं मिळते तिथं काटकोन. मधल्या वर्तुळाला ९.१५ मीटरची वेगळी दोरी ठेवावी, पेनल्टीच्या ठिपक्याभोवतीच्या कमानीला तीच लागते. वारा सुटला की फक्की उडते, म्हणून आखायच्या रेषेवर आधी झारीनं पाणी मारायचं. त्या दिवशी पाण्याचा टँकर दीड तास उशिरा आला, त्यामुळं पहिलं सत्र धुळीतच सुरू झालं.

पहिलं सत्र रोंडोचं. गोव्याच्या प्रशिक्षकांनी शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची सात मुलं घेतली : पाच जण बाहेर, दोघं आत. बाहेरच्यांनी चेंडू आपसात फिरवायचा, आतल्यांनी तो काढून घ्यायचा. चौकोन आधी बारा बाय बारा मीटर. चारही बाजूंना मिळून सहा जादा चेंडू ठेवलेले, म्हणजे एक बाहेर गेला तर दुसरा लगेच आत. हे साधं वाटतं, पण एकच चेंडू असला की दीड मिनिटातली वीस सेकंदं तो आणण्यात जातात. दीड मिनिट खेळ, पाऊण मिनिट विश्रांती, आतले दोघं बदलायचे, अशा सहा फेऱ्या.

सगळे जण वहीत आकृती काढत होते. त्यापेक्षा पाहण्यासारखी गोष्ट वेगळी होती : त्या प्रशिक्षकांनी एकूण सहा फेऱ्यांत खेळ फक्त चार वेळा थांबवला, आणि एकदाही वीस सेकंदांपेक्षा जास्त नाही. पहिल्या फेरीत पास सारखे तुटत होते. आपल्याकडचा मास्तर तिथंच शिट्टी मारून पाच मिनिटांचं प्रवचन लावतो. ते नुसते कडेनं चालत राहिले आणि चालता चालता पायानं कोपऱ्यांच्या खुणेचे दोन मार्कर मीटरभर बाहेर सरकवले. चौकोन मोठा झाला, पास जोडले जायला लागले. चौथ्या फेरीला मार्कर आत आले, नऊ बाय नऊ. मुलांना कळलंही नाही.

चार वेळा थांबवलं ते कशासाठी? दोनदा एकाच चुकीसाठी. चेंडू घेणारा मुलगा बचाव करणाऱ्याच्या थेट मागं उभा राहत होता. “तू त्याच्या सावलीत आहेस,” एवढंच वाक्य, आणि खांद्याला धरून दोन पावलं बाजूला. तिसऱ्यांदा अंगाच्या ठेवणीसाठी. चेंडू जवळच्या पायावर घेतला तर तोंड आलेल्या बाजूलाच राहतं; लांबच्या पायावर, कंबर उघडी ठेवून घेतला तर दोन्हीकडं दिसतं. चौथ्यांदा पासच्या जोरासाठी. मुरमावर हळू दिलेला पास वाटेत खड्यावर उडतो, म्हणून इथं पास गवतापेक्षा कडक हवा. कडेला उभा असलेला शाळेचाच एक मुलगा आतल्याला ओरडला, “काय बघलालास बे, सोड की लवकर!” पाहुण्यांनी हसून त्यालाच पुढच्या फेरीला आत घेतलं.

दुपारचं जेवण शाळेच्या व्हरांड्यात : कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, पातळ आमटी. कडक भाकरी मोडून आमटीत भिजवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. नवख्या पाहुण्यांपैकी एकानं ती कोरडीच चावली आणि दाढ धरून बसला. शेंगाचटणी उखळात कुटलेली हवी, तेल सुटेपर्यंत. मिक्सरची कोरडी पूड चटणी म्हणून दिली तर सोलापूरकर ताट सरकवतो.

संध्याकाळी माजी मध्यरक्षक बोलले ते रहीमसाहेबांवर. सय्यद अब्दुल रहीम, इथून तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादचे, पेशानं शिक्षक. १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदकं त्यांच्या हाताखाली आली, आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा. तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईकडून खेळायचा. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप नेला, तोही मुंबईत येऊन. १९६२च्या जाकार्ताच्या अंतिम सामन्यात जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना उतरले. बचावपटू खरे, पण रहीमसाहेबांनी त्यांना आक्रमणात लावलं. दक्षिण कोरियाविरुद्ध २-१. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा त्याच जर्नेल सिंगांचा. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगानं गेले.

यातलं कामाचं काय, तर रहीमसाहेब कच्च्या पायानंच खेळायच्या स्पर्धा भरवत. उजव्या पायाच्या मुलानं सगळा सामना डाव्यानं खेळायचा. खर्च शून्य. शाळेत करायचं असेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नका, मुलं कंटाळतात, आणि पक्क्या पायाच्या बुटात मोजा खाली सरकवून ठेवायला सांगा म्हणजे पंच करणाऱ्याला लांबूनही कोणता पाय ते कळतं. ही मोज्याची युक्ती त्या मध्यरक्षकांची.

रात्री पार्क चौपाटीवर डिस्को भजी. जास्त लिहीत नाही. गरम असतानाच खा.

शनिवार

सकाळी साडेसहाला धुक्याचा पातळ थर आणि फिजिओंचं सत्र. विषय फिफा ११+. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रानं बसवलेला हा वीस मिनिटांचा वॉर्मअप. पंधरा व्यायाम, तीन भाग. पहिली आठ मिनिटं सावकाश पळणं, मग दहा मिनिटं ताकद, उडी आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगानं पळणं. आठवड्यातून किमान दोनदा. मार्करच्या सहा जोड्या पाच-सहा मीटर अंतरावर दोन समांतर ओळींत मांडायच्या, मुलं जोडीनं मधून जातात आणि बाहेरून परततात. चाळीस मुलांना अशा दोन वाटा पुरतात.

बहुतेक शाळांत हा वॉर्मअप करतात आणि तरी गुडघे जातात. का, ते फिजिओंनी पाच मिनिटांत दाखवलं. एका मुलीला उडी मारून उतरायला सांगितलं आणि सगळ्यांना तिच्यासमोर बसवलं. उतरताना दोन्ही गुडघे आत एकमेकांकडं वळत होते. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, किंचित वाकलेला, आणि उतरताना आवाज कमी. या तीन गोष्टी बघायला मास्तर समोर हवा. मास्तर तर त्या वेळी हजेरी घेत असतो. “हजेरी नंतर घ्या,” फिजिओ म्हणाले, “ही दहा मिनिटं गुडघ्यांची हजेरी.”

मांडीमागच्या स्नायूंचा नॉर्डिक व्यायाम करताना मुरूम गुडघ्याला टोचतो म्हणून मुलं तो चुकवतात. इथं घडी केलेल्या जुन्या सोलापुरी चादरी टाकल्या होत्या. जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून सावकाश पुढं झुकायचं, आणि धरवेनासं झालं की हातावर पडायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळाच. पहिल्याच दिवशी पंधरा करून घेतले तर दुसऱ्या दिवशी मुलं जिना उतरू शकत नाहीत, आणि पालक शाळेत येतात.

पाण्याबद्दलही त्यांनी सांगितलं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाटच. मीठ अंदाजानं टाकू नये. घोटा मुरगळला तर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, आणि पहिले दोन दिवस तेल लावून चोळणं बंद. यावर दोघा-तिघा ज्येष्ठांची कुरकुर झाली. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं असेल तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. यावर मात्र कुणी वाद घातला नाही.

मधलं सत्र संमेलनाचा गाभा. तिनास तीन, चार गोल. ही कल्पना जर्मनीच्या होर्स्ट वाइन यांची. मूळचे हॉकीचे प्रशिक्षक, आणि खेळाचं नाव फुनिनो. दोन्ही टोकांना एकेक नाही तर दोन-दोन छोटे गोल, प्रत्येक दोन मीटर रुंद, दोन्ही कोपऱ्यांकडं सरकवलेले. गोलरेषेपासून सहा मीटरवर आडवी रेषा, आणि गोल त्या पट्ट्यात शिरूनच मारायचा. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, तो बघायला मान वर करावीच लागते. “वर बघ, वर बघ” असं ओरडण्यात घसा घालवणाऱ्या माणसाला यातली गंमत लगेच कळते.

आता चाळीस मुलांचा हिशेब. शंभर बाय चौसष्टच्या मैदानाचा अर्धा भाग म्हणजे पन्नास बाय चौसष्ट. त्यात अठ्ठावीस बाय बावीसची चार छोटी मैदानं मधे वाट सोडून आरामात बसतात. प्रत्येकात सहा खेळणार आणि दोघं-दोघं बदली, म्हणजे बत्तीस मुलं. उरलेली आठ दुसऱ्या अर्ध्यात रोंडो करतील. दर पाच मिनिटांनी फिरवायचं. मार्कर प्रत्येक मैदानाला गोलांचे आठ आणि सहा मीटरच्या दोन रेषांचे चार, मिळून अठ्ठेचाळीस. तेवढे नसतील तर गोलाला विटा नकोत, मूल त्यावर पडतं. पाण्याच्या बाटल्यांत वाळू भरा. चेंडू दर मैदानाला दोन. अठरातून आठ गेले, सहा रोंडोला, चार जादा. बेरीज जुळते का हे आदल्या रात्री कागदावर बघावं, मैदानात उभं राहून नव्हे.

बिघडतं कुठं तेही दिसलं. पहिल्या फेरीत एका मैदानावर तिघंही चेंडूमागं धावत होते, आणि बार्शीचे एक उत्साही सर बाहेरून प्रत्येक पास सांगत होते. पाहुण्यांनी त्यांच्या हातात फक्कीचा डबा दिला आणि रेषा पुन्हा आखायला लावल्या. सर खाली वाकून रेषा मारत असताना, तीन-चार मिनिटांत, एक मुलगी आपसूक मागं थांबायला लागली. तिच्या पाठीवर अकरा नंबर. चेंडू सुटून आला की ती एका टचमध्ये लांबच्या गोलाकडं वळायची. कुणी सांगितलं नव्हतं. सत्र संपल्यावर पाहुण्यांनी तिलाच विचारलं, मागं का थांबलीस? “तिकडं गर्दी व्हती,” ती म्हणाली, आणि पाणी प्यायला पळाली.

दुपारी वर्गात चर्चा. माजी बचावपटू एका अमेरिकी संमेलनाला जाऊन आले होते, त्यांनी तिथला प्रकार सांगितला. तिथली प्रशिक्षक संघटना १९४१ची, म्हणजे आपली संतोष ट्रॉफी सुरू झाली त्याच वर्षीची. २०१७पर्यंत नाव वेगळं होतं, आता युनायटेड सॉकर कोचेस. दर जानेवारीत वेगळ्या शहरात अधिवेशन. मोठ्या सभागृहात कृत्रिम गवत अंथरतात, भोवती प्रशिक्षक बसतात, मधे शहरातल्याच एखाद्या क्लबची मुलं आणि कानाला माइक लावलेला नामवंत. तिथं मागच्या रांगेत बसू नये, असा त्यांचा सल्ला. प्रशिक्षक मुलांशी हळू काय बोलतो ते पुढच्याच रांगेत ऐकू येतं, आणि माइकवर बोलतो ते बहुतेक वेळा बघणाऱ्यांसाठी असतं. दिवसाला तीनच सत्रं निवडायची. सात निवडणारा संध्याकाळी पिशव्या आणि फुकटचे टी-शर्ट घेऊन परततो.

त्या वर्तुळात ज्यांचं नाव हटकून निघतं ते अ‍ॅन्सन डोरन्स. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या महिला संघाला त्यांनी १९७९ ते २०२४ शिकवलं, राष्ट्रीय विजेतेपदं वीसच्या वर. १९९१चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेनं जिंकला तेव्हाही प्रशिक्षक तेच. अंतिम सामना नॉर्वेविरुद्ध २-१, दोन्ही गोल मिशेल एकर्सचे. त्यांची पद्धत ‘कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन’ म्हणून ओळखली जाते, म्हणजे सरावातल्या प्रत्येक झुंजीचा निकाल वहीत. कल्पना त्यांनी त्याच विद्यापीठातल्या बास्केटबॉलच्या डीन स्मिथ यांच्याकडून उचलली.

हे ऐकून मागून कुणीतरी म्हणालं, त्यांच्याकडं लिहायला माणसं असतात. त्यावर बचावपटूंनी फळ्यावर मांडलेली रीत आपल्याकडंही चालेल. आठ मुलं, चार चेंडू, पंधरा बाय दहा मीटरचे चार पट्टे. एकास एक, समोरची रेषा चेंडूसकट ओलांडली की गोल. साठ सेकंदं झुंज, साठ सेकंदं विश्रांती. एक मुलगा जागेवर, बाकीचे सात एकेक जागा पुढं सरकतात. सात फेऱ्यांत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळून होतो आणि चौदा मिनिटांत काम संपतं. जिंकला तर तीन, बरोबरी एक, हरला शून्य. लिहायला दुखापतग्रस्त मूल बसवा, त्याला सरावात असल्यासारखंही वाटतं. मात्र बारा वर्षांच्या आतल्यांचा तक्ता भिंतीवर लावू नका. ज्याचे गुण त्याला, बाजूला घेऊन सांगा. आमच्या मते हा शेवटचा भाग त्यांनी घाईत उरकला. आपल्या शाळांत गुणांची भीती आधीच भरपूर आहे, आणि खेळाच्या तासालाही ती आली तर मुलं पोटदुखीची चिठ्ठी आणतील.

एकास एकच्या बचावाचं मात्र त्यांनी स्वतः बूट घालून दाखवलं. पन्नाशीपुढचा माणूस, पोट सुटलेलं, आणि सतरा वर्षांचा पोरगा समोरून चेंडू घेऊन येतोय. पहिली पावलं लांब आणि वेगात, शेवटची तीन आखूड. दीड हातावर थांबायचं, एक खांदा पुढं, गुडघे मऊ. पाय घालायचा नाही. पोराला त्याच्या कच्च्या पायाकडं ढकलत रेषेपर्यंत नेलं आणि चेंडू त्याच्यापासून वीतभर लांब गेला तेव्हा, तेव्हाच, काढून घेतला. तीनदा. चौथ्यांदा पोरानं पायांमधून काढला आणि सगळं मैदान ओरडलं.

संध्याकाळी गावाबाहेर शेतावर हुरडा. गुळभेंडीची कोवळी कणसं, शेणीची आगटी, हातावर चोळून दिलेले गरम दाणे. सोबत शेंगाचटणी, दही आणि गूळ. जेवूनच जाऊ असं म्हणणारे फसतात, हुरडा हेच जेवण. आगटीभोवती मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकदमच चालू होती. विषय भारताच्या बायकांच्या संघाचा : २०२५च्या जुलैत थायलंडला २-१ हरवून आशियाई चषक गाठला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि आपल्या किती शाळांत मुलींचा संघ आहे? हात मोजायला वेळ लागला नाही.

रविवार

शेवटचा दिवस गोलरक्षकांचा, आणि जागा अनपेक्षित : शाळेचा लांब उडीचा खड्डा. मुरमावर झेप शिकवली की मूल पहिल्यांदा कोपर सोलतं आणि नंतर कायमचं झेपायचं टाळतं. खड्डा नऊ मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, म्हणजे एका वेळी दोघांना पुरे. बाईंनी आधी सगळी वाळू फावड्यानं वीतभर उकरून घेतली, खडे आणि गुटख्याच्या पुड्या वेचल्या, मग धूळ बसेल एवढं पाणी शिंपडलं. चिखल नको, वाळूचा लाडू वळता आला की पुरे.

क्रम असा. आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं, शेवटी उभ्यानं. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना सहा-सहा. अंग जमिनीला टेकण्याचा क्रम नडगीची बाहेरची बाजू, मांडी, कंबर, खांदा. कोपर मधे आलं तर चूक, पोटावर पडलं तर चूक. खालचा हात चेंडूच्या मागं, वरचा हात चेंडूवर आणि जमीन हा तिसरा हात. छातीच्या वरच्या चेंडूला अंगठे जवळ, खालच्याला करंगळ्या जवळ. हे दोन आकार भिंतीसमोर रोज पन्नासदा. उभ्यानं झेपायची घाई सगळेच करतात, बाईंनी दोघांना परत गुडघ्यावर बसवलं. त्यातला एक रुसला. तासाभरानं सगळ्यात स्वच्छ झेप त्याचीच होती.

मग नवा नियम. २०२५-२६च्या नियमावलीपासून गोलरक्षकानं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर विरुद्ध संघाला कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजतो. पूर्वी सहा सेकंदं आणि इनडायरेक्ट फ्री किक होती, ती फारसं कुणी देत नसे. बाईंचा सराव : पकडला की दोन पावलं पुढं, मान दोन्हीकडं, आणि सहाच्या आत फेक. कडेला बसलेली मुलं मोठ्यानं मोजतात. गोंधळ होतो तो मोजणी कुठून सुरू करायची यावर. चेंडू हातात पक्का आला तिथून. झेपून पडलेला गोलरक्षक उठतोय तेवढ्यात मोजायला लागू नये. शालेय स्पर्धांत पंचाला हे आधी विचारून घ्यावं, कारण अर्ध्या ठिकाणी अजून जुनाच नियम डोक्यात आहे.

दुपारी प्रशिक्षकांच्या परवान्यांची माहिती झाली. डी, सी, बी, ए, प्रो अशी चढण, आणि पुढच्या पायरीआधी मधल्या काळात संघ शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. प्रश्न बरेच आले, उत्तरं कागदावर वाटली. हे सत्र शुक्रवारी ठेवलं असतं तर बरं झालं असतं. रविवारी दुपारी अर्ध्यांचं लक्ष गाडीच्या वेळेकडं होतं.

खरेदीला नवी पेठ. चादर घेताना उलटी बाजू बघा. जेकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी मागंही उठते, रंग फक्त उलटे. मैदानासाठी मात्र दुकानात विचारून डागी माल घ्यावा, गुडघ्याखाली टाकायला कशाला नक्षी. कडक भाकऱ्या उभ्या रचू नयेत, डब्यात आडव्या, वर-खाली वर्तमानपत्र. शेंगाचटणी आठ-दहा दिवस बाहेर टिकते, ओला चमचा घातला नाही तर.

रात्री फलाटावर सिद्धेश्वरची वाट बघत अकलूजचे सर बारा चेंडू एका पोत्यात बसवायच्या खटपटीत होते. सुई लावून पहिल्या तीन चेंडूंची हवा पार काढून टाकली, पापड केला. शेजारी बसलेल्या कलबुर्गीच्या मास्तरांनी पंप मागून घेतला आणि त्या तिन्हींत पुन्हा थोडी थोडी भरली. पूर्ण चपटा केलेला चेंडू घडीवर मोडतो आणि आतलं ब्लॅडर पुढं तिथंच चिरतं; वाटीसारखा दबेल एवढी हवा आत राहू द्यायची, मग एकात एक बसतात. बारा बसले. पोत्याचं तोंड बांधायला सुतळी नव्हती, म्हणून ती बारा मीटरची दोरीच वापरली, गाठींसकट.